पोचा आलेला तांब्या

इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या स्थिरचित्राला पिढ्यान्‌पिढ्या तीच मंडळी बसतात: तांब्या, दोन वांगी, एखादं केळं, मागे चुण्या पाडून सोडलेलं कापड. तांब्या चिंचेने घासून लखलखीत. खरं तर मांडावा पोचा आलेला. गुळगुळीत पितळेवरून उजेड नुसता घसरतो; पोच्यापाशी तो अडखळतो आणि तांब्या कधीतरी कुणाच्या हातून निसटला होता, हे तिथे दिसतं.

व्हॅन गॉगने १८८८ मध्ये रंगवलेल्या खुर्चीत बसलेलं कुणी नाही; पाइप आणि तंबाखू तेवढी आहे. गिरगावातल्या चाळीत दाराआड लटकणारी कापडी पिशवी रंगवून बघा. ओझ्याने ताणलेले बंद नीट साधले की पिशवीमागचं माणूस वेगळं काढावं लागत नाही.

भाव येतो तो बराचसा मांडणीतून. तांब्या आणि डबा यांच्या कडा जेमतेम टेकल्या की चित्र सपाट होतं. डबा अर्धा मागे लपवावा, नाहीतर मध्ये चार बोटं जागा सोडावी. लपवला तर जवळीक, सोडली तर अबोला. मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात शिकलेले चित्रकार प्रभाकर बरवे घड्याळ, पान अशा वस्तू मोकळ्या अवकाशात कशा ठेवत, ते यासाठी पाहावं.

हमखास चूक होते बुडाशी. तांब्या टेबलावर बसलाय हे ठाऊक असतं, म्हणून हात खाली सरळ रेघ मारून मोकळा होतो. पण गोल काठाचं दिसणारं लंबवर्तुळ डोळ्यांच्या पातळीपासून जितकं खाली जावं तितकं फुगत जातं. बुडाचा बाक तोंडाच्या बाकापेक्षा जास्तच हवा. सरळ रेघेवरचा तांब्या कागदावर डकवल्यासारखा दिसतो. त्यात पाणी भरावंसं वाटत नाही.

गॅलरीच्या दारातून येणारा एकाच बाजूचा उजेड उत्तम. ट्यूबलाइट बंद करावी, दुहेरी सावली वस्तूला बसू देत नाही. सावलीत काळा नको. तपकिरी बर्न्ट अंबर आणि निळा अल्ट्रामरीन मिसळावेत. निळा वाढवला की तोच कोपरा संध्याकाळचा होतो. चकाकीसाठी जलरंगात कागदाचा पांढरा आधीच राखावा.

जुलैत मुंबईच्या हवेत वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, लवकर वाळत नाही. अर्धवट ओल्यावर पाणचट दुसरा हात दिला की रंग फ्लॉवरसारखा फुटतो. तोवर वांग्याचं देठ सुकायला लागतं, म्हणून ते पहिल्या बैठकीतच उरकावं.