बाकड्यावरचं चिन्ह

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सिमेंटची तीन बाकडी आहेत. २०१७ च्या निवडणुकीनंतर वर्षभरात आमच्या नगरसेवकाने बसवलेली. पाठीवर त्याचं नाव, खाली "यांच्या नगरसेवक निधीतून", आणि मधोमध पक्षाचं चिन्ह. हे चिन्ह रंगवलेलं नाही बरं का, साच्यातूनच उठावाचं आलेलं. तेव्हा बाबा म्हणाले होते, पोराने काम पक्कं केलंय. पुढे तेच पक्कं काम नडलं.

शहराचं नाव लिहीत नाही, पक्षाचं तर नाहीच, कारण आमचा नगरसेवक मला चांगला ओळखतो. लहानपणी एकाच मैदानात क्रिकेट खेळलोय, तो तेव्हापासूनच आऊट झाला की बॅट सोडायचा नाही. आता सगळे त्याला भाऊ म्हणतात, मी पण चारचौघात भाऊच म्हणतो.

तर २०१९ ला विधानसभेच्या आधी भाऊने पक्ष बदलला. म्हणजे बदलला पण नाही. नाक्यावर "जाहीर पक्षप्रवेश" असा मोठ्ठा बॅनर लागला, ढोलताशे, फटाके, सगळं झालं, आणि प्रत्यक्षात प्रवेश केला कोणी तर त्याच्या बायकोने आणि धाकट्या भावाने. हा स्वतः स्टेजच्या कडेला उभा राहून टाळ्या वाजवत होता. मला आधी कळेना हा काय प्रकार, मग ऑफिसातल्या एकाने समजावलं की अरे, नगरसेवकांना पण पक्षांतरबंदी आहे, फक्त आमदार-खासदारांनाच नाही. राज्याचा १९८६ चा वेगळा कायदा आहे त्यासाठी. पक्ष सोडला किंवा व्हिप, म्हणजे पक्षाचा आदेश, मोडून मत दिलं की पद जाऊ शकतं, आणि महापालिकेच्या नगरसेवकाचा निकाल विभागीय आयुक्तांकडे लागतो. म्हणून कागदावर हा जुन्याच पक्षात, बाकी घरदार, ऑफिस, गाडीवरचा स्टिकर, व्हॉट्सअॅपचा डीपी सगळं नवीन पक्षात. कायद्याला बायको दिसत नाही, एवढंच.

त्याच आठवड्यात एक पेंटर ऑइल पेंटचा डबा घेऊन आला आणि तिन्ही बाकड्यांवरच्या चिन्हावर दोन दोन हात मारून गेला. पण चिन्ह उठावाचं, त्यामुळे संध्याकाळी ऊन तिरपं पडलं की आधीपेक्षा ठळक दिसायला लागलं. बाबा रोज पाच वाजता तिथे बसतात, म्हणाले आता टेकायला पण ओशाळल्यासारखं होतं.

मग सोसायटीत सत्यनारायण होता. भाऊ आला, नारळ ठेवला, प्रसाद घेतला आणि खुर्चीवर टेकतोय तोच बाबांनी विचारलं, "काय रे, आम्ही मत दिलं ते नक्की कुणाला दिलं?" सगळे गप्प. मला वाटलं आता हा जनतेची सेवा, विकासाचं राजकारण, कार्यकर्त्यांचा आग्रह वगैरे सुरू करेल. त्याने द्रोण खाली ठेवला आणि म्हणाला, "काका, खरं सांगू का, दोन वर्षं मागच्या गटाराची फाईल फिरतेय. विरोधात बसून गटार पण होत नाही हो. निधीच अडवतात. तुम्हीच सांगा, मी पक्ष धरून बसू की गटार करून देऊ?"

यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं, आणि खरी गंमत पुढे आहे. दोन महिन्यांत गटार झालं. झाकणांसकट. पावसाळ्यात तळमजल्यावाल्यांच्या घरात पाणी शिरायचं ते थांबलं. तळमजल्यावरच्या काकू तेव्हापासून भाऊचं नाव काढलं की हात जोडतात.

मला हेच खटकत राहिलं. तो खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, शिव्या घालून मोकळा झालो असतो. पण तो खरं बोलला. म्हणजे मी जी प्रॉपर्टी टॅक्सची पावती दरवर्षी भरतो त्या पैशातून माझ्या दारातलं गटार होणार की नाही हे माझा नगरसेवक कोणाच्या स्टेजवर टाळ्या वाजवतो त्यावर ठरतं, आणि हे त्याला माहीत, इंजिनिअरला माहीत, कॉन्ट्रॅक्टरला माहीत, फक्त मीच लाईनीत उभा राहून बोटाला शाई लावून येतो. भाऊवरचा विश्वास उडाला असं नाही म्हणता येणार, तो आहे तसाच आहे. उडाला तो महापालिकेच्या त्या दगडी बिल्डिंगवरचा.

तसे मोठे किस्से सगळ्यांना माहीत आहेत. ऑक्टोबर २०१७ मध्ये मुंबई महापालिकेत मनसेचे सात नगरसेवक होते, त्यातले सहा एका झटक्यात शिवसेनेत गेले. सातातले सहा म्हणजे दोन तृतीयांशाच्या वर, त्यामुळे ते विलीनीकरण म्हणून कायद्यात बसवता येतं. एकटा गेलास तर पद जाईल, टोळीने गेलात तर नाही, असा साधा हिशेब. त्याच वर्षीच्या निवडणुकीत शिवसेना ८४ आणि भाजप ८२ असा निकाल लागला होता, त्यामुळे त्या सहा जणांचं वजन काय असेल विचार करा.

माझा आवडता किस्सा मात्र पारनेरचा. जुलै २०२०, लॉकडाऊन, आपण भाजी धुऊन घेत होतो तेव्हाची गोष्ट. पारनेर नगरपंचायतीचे शिवसेनेचे पाच नगरसेवक बारामतीला अजित पवारांच्या उपस्थितीत राष्ट्रवादीत गेले. आता राज्यात तेव्हा शिवसेना आणि राष्ट्रवादी एकाच सरकारात, मुख्यमंत्री सेनेचे, उपमुख्यमंत्री राष्ट्रवादीचे! म्हणजे एकाच घरातल्या हॉलमधून किचनमध्ये गेल्यासारखं. पण त्यावरून एवढी रुसवाफुगवी झाली की आठवडा व्हायच्या आत पाचही जण मुंबईला उद्धव ठाकरेंसमोर, परत शिवबंधन. त्या चार-पाच दिवसांत पारनेरच्या एखाद्याने नळाची तक्रार कुठल्या पक्षाच्या नगरसेवकाकडे नेली असेल हा प्रश्न मला अजून पडतो.

आणि मग २०२२. त्या मार्चमध्ये आमच्याकडची मुदत संपली, ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचा घोळ कोर्टात, निवडणूक काही लागेना, महापालिकेवर प्रशासक. भाऊच्या नावामागे "माजी" लागलं. आपल्याला वाटतं माजी म्हणजे संपलं, पण पक्ष बदलायला माजी हीच बेस्ट पोझिशन आहे, कारण जायला पदच नाही तर अपात्र कोण करणार. ठाण्यात जुलै २०२२ मध्ये शिवसेनेचे ६७ पैकी ६६ माजी नगरसेवक एकनाथ शिंदेंच्या बाजूला गेले, ते याच काळात. भाऊने पण आता स्वतःच्या नावाने रीतसर प्रवेश घेतला, यावेळी स्टेजच्या मधोमध उभा राहून, गळ्यात उपरणं. दुसऱ्या दिवशी छिन्नी हातोडी घेऊन माणूस आला. दोन बाकड्यांवरचं चिन्ह त्याने ठोकून काढलं, तिथे आता नुसता खडबडीत गोल आहे. तिसऱ्याला टेकून डोश्याची गाडी लागते, डोसेवाला म्हणाला तवा गरम आहे, नंतर या. ते नंतर कधी आलंच नाही.

जवळजवळ चार वर्षं आम्हाला नगरसेवकच नव्हता. मजा म्हणजे सुरुवातीला काही फरक जाणवला नाही. कचरा उचलला जात होता, पाणी येत होतं. फरक कळला तो बारीकसारीक गोष्टीत, स्ट्रीटलाईट गेला तर अॅपवर कंप्लेंट टाकायची, आठ दिवसांनी "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे" असा मेसेज यायचा आणि मी तो मेसेज त्याच अंधाऱ्या खांबाखाली उभा राहून वाचायचो. ओरडायचं कुणावर हा प्रश्न होता.

शेवटी १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं. आमचा चार जणांचा प्रभाग, अ ब क ड, चार वेळा बटण दाबायचं. बाबांनी दोन दाबली आणि निघाले, पोलिंगवाली बाई म्हणते काका, अजून दोन राहिली, बाबा म्हणतात मला दोघंच माहीत आहेत. मग परत गेले, काय दाबलं देव जाणे. मी भाऊला मत दिलं की नाही ते सांगणार नाही. तो पडला. थोडक्यात नाही, चांगलाच पडला. बाकड्यावरून लोक म्हणत होते, पक्ष बदलला म्हणून आपटला. माझा यावर विश्वास नाही, कारण जो निवडून आला तो पण दोन पक्ष फिरूनच आलेला आहे.

आता परवाची गोष्ट. गटाराचं एक झाकण फुटलं, अगदी शाळेच्या व्हॅन थांबतात तिथेच. चार नवीन नगरसेवक, चौघांचे बॅनर अजून नाक्यावर आहेत, हसरे चेहरे, हात जोडलेले, आणि एकाचाही नंबर आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाकडे नाही. सेक्रेटरी म्हणाले एकाच्या पीएचा आहे, तो लावला तर तो म्हणे तुमची गल्ली आमच्या साहेबांकडे नाही, दुसऱ्यांकडे आहे. प्रभाग एक, गल्ल्या वाटून घेतल्यात.

मग मी भाऊला फोन लावला. दुसऱ्या रिंगला उचलला.

"बोल रे."

मी म्हटलं असं असं झाकण फुटलंय.

"कुठलं, डोसेवाल्याच्या पुढचं ना? माहितीये मला, ते तेव्हाच हलकं टाकलं होतं कॉन्ट्रॅक्टरने." थोडा वेळ गप्प. "मी आता कोण रे सांगणारा. बरं थांब, ज्युनियर इंजिनिअरला लावतो, तो माझं ऐकतो अजून. फोटो टाक." आणि मग, फोन ठेवता ठेवता, "काका बसतात का रे अजून बाकड्यावर?"

बसतात म्हटलं. तिसऱ्या.