कारण नसलेलं दुःख

अबू झैद अल-बल्खी इ.स. 934 मध्ये वारला. आज अफगाणिस्तानात असलेल्या बल्खजवळचा हा माणूस शिकायला बगदादला गेला आणि शेवटी पुन्हा आपल्या मुलखात परतला. इतिहासात त्याची ओळख बहुतेक नकाशे करणारा, भूगोल लिहिणारा अशीच आहे. पण त्याने शरीराचं आणि मनाचं हित या विषयावर अरबीत एक ग्रंथ लिहिला. त्याचा पहिला भाग शरीराचा, दुसरा मनाचा. सुदानी मानसशास्त्रज्ञ मलिक बद्री यांनी या दुसऱ्या भागाचं इंग्रजी भाषांतर केलं, ते मी वाचलं आणि कितीतरी पानांवर खुणा करून ठेवल्या.

बल्खी म्हणतो, एखादा माणूस जन्मभर मोठ्या आजाराशिवाय राहू शकेल. पण राग, भीती, काळजी यांतलं काही ना काही रोज मनाला लागतंच. तरी वैद्यांच्या पुस्तकांत मनाच्या दुखण्यांना जागा नाही, ही त्याची तक्रार. मग तो एकेक घेतो: राग, भीती, दुःख आणि मनात रुतून बसणारे, हटता न हटणारे विचार. दुःखाचे तो दोन प्रकार करतो. एकाचं कारण ठाऊक असतं: माणूस गेला, पैसा बुडाला. दुसऱ्याचं कारणच सापडत नाही. या दुसऱ्याचं मूळ तो शरीरात, रक्ताच्या बिघाडात शोधतो आणि त्यावर शरीराचा उपचार सांगतो. रक्ताची ती उपपत्ती आज टिकत नाही. पण कारण दिसत नसलं तरी दुःख खरंच असतं, हे त्याने हजारेक वर्षांपूर्वी मानलं.

मी म्हापशाला औषधांच्या दुकानात काम करते. शुक्रवारी बाजाराला लांबच्या गावांतली माणसं येतात. त्यांतली काही जण मनाच्या आजाराची चिठ्ठी मुद्दाम इथवर आणतात, गावच्या दुकानात कुणाला कळू नये म्हणून. "कागदात गुंडाळून दे गो बाय," हे मी सारखं ऐकते. एकदा एक सासू सुनेच्या गोळ्या न्यायला आली होती. मला म्हणाली, "घर आहे, नवरा बोटीवर कमावतो, पोरं गुणी आहेत. हिला रडायला झालंय काय?" घरच्या देवाचा कौल घेऊन झाला होता, गाऱ्हाणं घालून झालं होतं. त्या बाईला सुनेची काळजी होती. तिला फक्त कारण हवं होतं. मी म्हटलं, "काकी, डायबेटीस झाला की आपण असं विचारतो का?" त्या गप्प राहिल्या. मग गोळ्या कधी द्यायच्या ते दोनदा विचारून घेतलं.

बल्खी एकटाच नव्हता. त्याच काळात अल-राझी या इराणी वैद्याने आत्म्याच्या वैद्यकावर पुस्तक लिहिलं. पुढे इब्न सीना या नामवंत वैद्याने प्रेमाने झुरणाऱ्याची नाडी धरून एकेक नाव घ्यायचं आणि ठोका कुठे बदलतो ते पाहायचं, अशी युक्ती नोंदवली. सीरियातल्या अलेप्पोत 1354 मध्ये उभ्या राहिलेल्या अर्घुनच्या इस्पितळात मनोरुग्णांची सोय होती. तिथल्या चौकांत पाण्याची कारंजी होती. आणि गोंयकारांसाठी एक गोष्ट: पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ताचं 1563 मध्ये गोव्यातच छापलेलं औषधींचं पुस्तक उघडलं, तर त्यात इब्न सीनाचं नाव पुन्हा पुन्हा येतं. पणजीच्या बागेला ज्याचं नाव आहे, तोच हा ओर्ता.

बल्खीचा एक सल्ला मला फार आवडतो. अचानक लागतील म्हणून आपण घरात औषधं ठेवतो ना, तसे मन शांत असताना चांगले विचार जमवून ठेवा, म्हणजे वाईट वेळी हाताशी असतील, असं तो म्हणतो.

त्याचं दुःखावरचं प्रकरण कुणीतरी सोप्या मराठीत आणायला हवं. अरबी येणारं कुणी वाचत असेल तर मला जरूर लिहा. टायपिंग, मुद्रितशोधन, छपाईचा खर्च, जमेल ते सगळं मी करीन. प्रती काउंटरवर ठेवीन, फुकट.