आमची वाटचाल : आठ हेडचं मशीन आम्ही का घेतलं नाही

आमचं कराडात फ्लेक्स छपाईचं आणि पाट्यांचं दुकान. २०२२ मध्ये इथे फ्लेक्सचा भाव बारा रुपये स्क्वेअर फुटावरून सातवर आला आणि अजून वर गेलेला नाही. शाई स्वस्त झाली म्हणून नव्हे. झेडपी, पंचायत समित्या, नगरपालिका, सगळ्यांच्या निवडणुका त्या वर्षी लागणार असं सगळे धरून चालले होते. त्या भरवशावर आमच्याच रस्त्यावर एकाने दहा फुटी, कोनिका ५१२आयची आठ हेड (शाई फवारणारे भाग) असलेलं नवं मशीन कर्जावर उतरवलं. ओबीसी आरक्षणाचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, निवडणुका लांबल्या, आणि नगरपालिकांचं मतदान थेट २०२५ च्या डिसेंबरात झालं. बँकेचा हप्ता काही लांबत नाही. हप्ता भरायला त्याने भाव पाडला आणि आख्ख्या बाजाराला खाली ओढलं.

त्याआधीच्या बारा-तेरा वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. काम होतं, मशीन चालत होतं.

आमच्याकडे २०१५ चं दहा फुटी, चार हेडचं मशीन. भाव पडल्यावर सगळे एकच सांगत होते : तुम्हीही आठ हेडचं घ्या, नाहीतर संपाल. आम्ही आधी कागद घेतला. २४० जीएसएमचा स्टार फ्लेक्स तेव्हा आम्हाला फुटाला ३.२० पडत होता, शाई ०.६०, वेस्टेज ०.२०, वीज, मजुरी आणि पेस्टिंग (कडा चिकटवणं) मिळून १.३०. म्हणजे ५.३०. सात रुपयांत हाती उरतात १.७०. चौदा लाखांचं कर्ज, अकरा टक्के, पाच वर्षं : महिन्याचा हप्ता ३०,४०० च्या वर. भागाकार करा. नुसत्या हप्त्यापुरता महिन्याला जवळजवळ अठरा हजार फूट माल छापायचा. आमचा महिन्याचा सगळा धंदाच तेव्हा बावीस हजार फुटांचा होता.

दुसरा हिशेब घड्याळाचा. दहा बाय वीसचा बॅनर आमचं जुनं मशीन तीन पासमध्ये (हेडच्या तीन फेऱ्यांत) बावीस मिनिटांत काढायचं. त्याच बॅनरच्या कडा दुमडून चिकटवणं, दर दोन फुटांना आयलेट मारणं, घडी घालणं, याला दोन माणसांना पंचवीस मिनिटं लागत. छपाई दुप्पट वेगाने झाली असती तर पेस्टिंगच्या टेबलाखाली ढीग वाढला असता, एवढंच. आपल्या दुकानात काम नेमकं कुठे अडतं ते आठवडाभर वहीत लिहा, मग मशीनवाल्याला फोन करा. टेबल मोठं करून आणि एक माणूस वाढवून जे होतं, त्यासाठी हेड विकत घ्यायची नसतात.

पण जुनं मशीनही धड नव्हतं, हे कबूल करायला हवं. ते आमच्या लक्षात आणून दिलं एका सराफ पेढीने. या पेढीचं काम आमच्याकडे पाटी ब्रशने रंगवत होतो तेव्हापासूनचं. सात रुपयांच्या काळातही काकांनी बाराच दिले आणि एकदाही घासाघीस केली नाही. त्यांचा सोनेरी रंग ठरलेला : मॅजेंटा २५, यलो ८५, ब्लॅक १०. एका बॅकलिट बोर्डावर काका म्हणाले, ‘सोनं हिरवट दिसतंय, पितळ वाटेल.’ फाइल तीच, प्रोफाइल (रंगांचं सेटिंग) तेच. नोझल म्हणजे हेडमधली शाई सोडणारी बारीक छिद्रं. त्यांची चाचणी छाप, म्हणजे नोझल चेक, काढला तर मॅजेंटाच्या ५१२ पैकी चाळीसच्या वर नोझल गायब. समोरून उजेड पडणाऱ्या फ्लेक्सवर तीन पासमध्ये ते लपत होतं. मागून ट्यूब पेटली की लपत नाही.

अशा वेळी लगेच हेड मागवू नये. आधी पर्ज करा, म्हणजे दाबाने शाई सोडून नोझल साफ करा, पुन्हा चेक काढा. गायब नोझल दर वेळी जागा बदलत असतील तर हवा किंवा निगेटिव्ह प्रेशरचा (शाई हेडमध्ये रोखून धरणाऱ्या दाबाचा) घोळ आहे. सब टँकचा (हेडजवळच्या शाईच्या छोट्या टाकीचा) फिल्टर आणि नळ्यांचे जोड बघा. तीच नोझल तिथेच गायब असतील तर फ्लशिंगच्या द्रावणात भिजवलेलं, लिंट न सोडणारं कापड रात्रभर हेडखाली ठेवा. सिरिंजने जोर लावून हेड उघडायला जाऊ नका, उरलेली नोझलही जातात. तरीही फरक नसेल तर मशीन पूर्ण बंद करून मॅजेंटा आणि सायनच्या डेटा केबल बदलून बघा. दोष सायनकडे गेला तर केबल किंवा हेड चालवणारं कार्ड गेलंय. मॅजेंटावरच राहिला तर हेड गेलं. आमचं हेड गेलं होतं.

का गेलं, हे जास्त महत्त्वाचं. मीटर लावला तर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात नऊ व्होल्ट. दोनच्या आत हवेत. बोअरवेलच्या पाइपला तार बांधून ‘अर्थिंग केलंय’ म्हणणारा वायरमन प्रत्येक गावात असतो, आमच्याही होता. शिवाय मध्यंतरी मिळेल त्या कंपनीची मॅजेंटा शाई, जुनी लाइन न धुता ओतली होती. दोन कंपन्यांच्या शाया एकत्र आल्या की रंगद्रव्याचा गाळ होतो आणि फिल्टर ओलांडून हेडमध्ये बसतो. हा दोष आमचाच. शाईत लिटरमागे ऐंशी रुपये वाचवले आणि सत्तर हजारांचं हेड घालवलं.

मग स्वतंत्र अर्थिंगचा खड्डा, नवं हेड, सगळे फिल्टर, मॅजेंटाची नळी, एन्कोडर स्ट्रिप (हेडची जागा मोजणारी पट्टी), दोन डेटा केबल : १ लाख ३८ हजार. नवीन हेडवर व्होल्टेज लिहिलेलं असतं, ते सॉफ्टवेअरमध्ये टाकायचं. मेकॅनिक घाईत जुनाच आकडा ठेवून जातात, मग रंग जुळत नाही आणि तुम्ही प्रोफाइलला शिव्या देत बसता.

वेस्टेजही इथेच सांगतो. आठ फुटी काम दहा फुटी रोलवर काढलं की पाचवा हिस्सा कचऱ्यात. आम्ही तीन, चार, पाच, सहा, आठ, दहा असे सगळे रोल ठेवायला लागलो. पैसा अडकतो, पण सात रुपयांच्या धंद्यात तोच सुटतो.

सगळ्या गावाचं म्हणणं होतं की आम्ही मागे पडलो. २५ सप्टेंबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाने दुकानांच्या मराठी पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिली आणि चित्र फिरलं. दुकाने व आस्थापना कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती सांगते की देवनागरी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान नको. ज्यांच्या एसीपीवर (पाटीच्या ॲल्युमिनियम शीटवर) इंग्रजी अक्षरं उभी होती त्यांना तेवढीच मोठी मराठी अक्षरं हवी होती. फ्लेक्स डकवून दोन महिने निभतं, पुढे नाही. आठ हेडांचा इथे काय उपयोग?

इथे कामी आले आमचे पहिले भागीदार, मूळचे पेंटर. इंग्रजीची सवय असलेला कटिंगवाला देवनागरीत हमखास फसतो. अनुस्वार सुटा पडतो, वेलांटीची कमान बारीक राहून वाकते, रफार हवेत लटकतो. पेंटरांनी नियम घातला : शिरोरेषा सलग ठेवून संपूर्ण शब्द एका बॅकप्लेटवर घ्यायचा, आणि अक्षराच्या दांडीची रुंदी दीड इंचाच्या खाली न्यायची नाही, नाहीतर तीन एलईडीचं मॉड्यूल आत नीट बसत नाही. दीड वॅटची साठ मॉड्यूल म्हणजे नव्वद वॅट. त्याला शंभर वॅटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) लावणारे पावसाळ्यात फोन उचलत नाहीत. दीडशेचा लावा. फाइल पाठवताना कोरल सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं कर्व्ह करा, म्हणजे त्यांचं रेखाचित्र करा. समोरच्याकडे तो फॉन्ट नसेल तर ‘श्री’चं काय होईल याचा भरवसा नाही. कटिंग आम्ही कोल्हापूरहून करून आणलं, अक्षरं कापायचं मशीन, म्हणजे राउटर, तेव्हाही घेतला नाही.

मशीन घेतलं ते २०२४ मध्ये : सहा फुटी इको सॉल्व्हंट (सौम्य सॉल्व्हंटच्या शाईचं), एप्सन आय३२०० चं एक हेड. कारण एसीपीवर लावायचं विनाइल, वन वे व्हिजन (काचेवरची छिद्रांची फिल्म), दुकानाच्या आतले बोर्ड हे काम पुण्याहून छापून यायचं आणि वर्षाला सव्वाचार लाख बाहेर जायचे. त्या पैशातून हप्ता निघतो, निवडणुकीतून नाही. जीएसटी अठरा टक्के लागला. त्याचं क्रेडिट घ्यायचं असेल तर त्याच रकमेवर घसारा दाखवता येत नाही, आणि जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर क्रेडिट मुळातच मिळत नाही. हे मशीनवाला सांगणार नाही, सीएला आधी विचारा. आणखी एक : इको सॉल्व्हंटचं विनाइल छापल्यावर चोवीस तास उघडं ठेवा, मगच लॅमिनेशन (वरून पारदर्शक फिल्म). ओल्या शाईवर फिल्म दाबली की गोंद मऊ होतो आणि आठवड्यात कडा उचलतात.

२०२५ च्या पावसाळ्यात, मतदानाच्या काही महिने आधी, आमच्या रस्त्यावरचं ते आठ हेडचं मशीन विकायला निघालं. आम्ही बघायला गेलो. जुनं मशीन बघायचं तर सकाळी, थंड असताना. आधीच गरम करून, पर्ज करून ठेवलेलं दाखवत असतील तर परत या. पहिला नोझल चेक पर्ज न करता, दुसरा पर्जनंतर, तिसरा अर्धा तास नुसतं उभं ठेवून. तिसऱ्या चेकमध्ये सायनची दोन्ही हेडं गळत होती आणि हेड वाहून नेणाऱ्या कॅरेजखालची पट्टी एका कोपऱ्यात घासलेली दिसली, म्हणजे हेड मीडियावर आपटलं होतं. सहा लाख सांगत होते. शेजारी त्या मालकाचं हॉट एअर वेल्डिंग मशीन (गरम हवेने फ्लेक्सच्या कडा चिकटवणारं) पडलं होतं, जेमतेम वापरलेलं. तेवढं आम्ही अठ्ठावीस हजारांना उचललं. आता पेस्टिंगच्या टेबलावर दहा बाय वीसच्या बॅनरला अकरा मिनिटं लागतात.