कुटुंबयादी, नोंद ९: बांगवेउलूचा जोडेचोच्या

गेल्या नोंदीत यादी १०४ वर अडकली होती. नवीन मंडळींसाठी सांगतो, मी जाती मोजत नाही, पक्ष्यांची कुटुंबं मोजतो. कुटुंबातली एक जात दिसली की ते कुटुंब यादीत. जगात ती साधारण अडीचशे. भारत आणि एक श्रीलंका वारी एवढ्यात पदरात पडायची ती पडली, आता आफ्रिकेला जाणं भाग होतं. त्यातही शूबिल, म्हणजे शीर्षकातला जोडेचोच्या, हे एकाच जातीचं कुटुंब. बगळे हुकले तर ढोकरीवर भागतं, इथे दुसरी जातच नाही.

म्हणून जूनमध्ये उत्तर झांबियातली बांगवेउलूची दलदल गाठली. नावाचा अर्थ, जिथे पाणी आभाळाला भिडतं. हा काळ मुद्दाम निवडला होता. पाऊस थांबलेला असतो, पण पूरमैदानावर पाणी असतं, त्यामुळे डोंगी चालते. उशिरा गेलात तर पाण्याबरोबर पक्षीही दलदलीत आत सरकतात आणि चाल वाढत जाते.

राजधानी लुसाकातच स्पेकल्ड माउसबर्ड मिळाला, १०५. झुडपात उंदरासारखा सरपटत होता, नाव ज्याने ठेवलं त्याला दाद द्यावी. सेरेंजेपर्यंतचा ग्रेट नॉर्थ रोड ट्रकांनी भरलेला. कडेला गिनी कोंबड्यांचा थवा दिसला, १०६. आपल्याकडे शेतावर पाळलेल्या पाहिल्या होत्या, पण त्या मी यादीत धरल्या नव्हत्या.

कासांका राष्ट्रीय उद्यानात दोन रात्री राहिलो. मिओम्बोच्या झाडीत रॉसचा टुराको, ग्रीन वुडहूपो आणि चिनस्पॉट बॅटिस, म्हणजे १०९. लांब शेपटीचा व्हायडाही एक होता म्हणे, पण विणीचा हंगाम नसल्याने शेपूट गळून चिमणीसारखा झालेला. मला ओळखता आला नाही, म्हणून तो यादीत नाही. उंच झाडावरच्या फिब्वे मचाणावरून पहाटेच्या धुक्यात सिटाटुंगा दिसली. पसरट खुरांचं, पाण्यात वावरणारं हरीण. लाखोंनी येणारी फळवटवाघळं बघायची असतील, तर मात्र ऑक्टोबरनंतर जा.

वाटेत चितांबोला थांबलो. १८७३ मध्ये शोधप्रवासी लिव्हिंगस्टन इथेच वारला. त्याचं हृदय त्याच्या माणसांनी मपुंडूच्या झाडाखाली पुरलं आणि देह किनाऱ्यापर्यंत वाहून नेला. झाडावर अक्षरं कोरणारा जेकब वेनराइट गुलामगिरीतून सुटलेला मुलगा होता, आणि तो शिकला होता आमच्या नाशिकच्या मिशन शाळेत! शरणपूर रोडवरून मी जन्मभर ये-जा केली, पण हे मला इथे येण्याच्या तयारीत कळलं. कोरलेला बुंधा आता लंडनला आहे, इथे स्मारक आहे. पक्षी सोडून अर्धा तास गेला, त्याची चुटपुट लागली नाही.

तिथून पुढे रस्ता कच्चा, मग त्याहून कच्चा. चिकुनीला पोहोचलो आणि झाडी एकदम संपली. सपाट हिरव्या मैदानावर काळ्या लेचवेंचे कळप, नजर पोहोचेल तिथवर. निसर्गतः हे हरीण याच खोऱ्यात आढळतं. नर गडद, शिंगं वीणेच्या आकाराची. शेकडो खुरं पाण्यातून धावली की येणारा आवाज मी रेकॉर्ड केला, पण त्यात वाराच जास्त आहे. मैदानाच्या कडेला ग्राउंड हॉर्नबिलची जोडी चालत होती, ११०. वॉटल्ड क्रेनही खूप होते, पण क्रौंच कुटुंब सारसावर कधीच नोंदलेलं. माझ्या पद्धतीचा हा तोटा आहे, कबूल करतो.

शूबिलच्या दिवशी पहाटे हुडहुडी भरली होती. आफ्रिका म्हणून स्वेटर न नेणारा मी एकटाच. आधी डोंगी, मग तरंगत्या गवताच्या गादीवरून पायी. पाऊल टाकलं की गादी दबते आणि पुढे दहा हातांवरचं गवत हलतं. एकाच जागी उभं राहिलं की हळूहळू खाली जायला होतं. गमबुटांत पाणी भरल्यावर ते दगड झाले. वाटाड्या अनवाणी होता. बेंबा भाषेत नावाआधी आदराने 'बा' लावतात, तसं मी त्याला हाक मारत होतो, तेव्हा तो हसत होता. त्याने काठी उचलून दाखवली.

राखाडी खांबच वाटला. मग खांबाने मान वळवली. उंची चार फुटांच्या आसपास, वीतभर लांब लाकडी जोड्यासारखी चोच, टोकाला आकडा. मी मराठीत 'जोडेचोच्या' म्हणतो. शास्त्रीय नावाचा अर्थ तर 'व्हेलडोक्या राजा'. आम्ही लांबच थांबलो. पस्तीस मिनिटं त्याने काहीही केलं नाही. मग अख्खा पक्षी तोंडावर पडल्यासारखा पाण्यात कोसळला, पंख पसरून सावरला आणि चोचभर शेवाळ घेऊन उठला. ते कडेने गळू दिलं, आत मासा राहिला. बहुधा मागूर. १११.

घरट्याकडे नेत नाहीत, आणि ते बरंच आहे. पूर्वी पिल्लं चोरून परदेशी विकली जायची. अंडी बहुधा दोन, पण थोरलं पिल्लू धाकट्याला जगू देत नाही, म्हणजे घरट्यामागे एकच धरायचं. आता आसपासचे कोळीच पगार घेऊन घरटी राखतात. आमचा वाटाड्याही तेच काम करतो, महिनोन्‌महिने एका घरट्याजवळ. वन्यजीव खातं, आफ्रिकन पार्क्स ही संस्था आणि गावकऱ्यांची मंडळं २००८ पासून हा भाग मिळून सांभाळतात. लोक आत राहतात, मासे मारतात. मासेमारी बंद असते ती डिसेंबर ते फेब्रुवारी, विणीसाठी. नांदूरमध्यमेश्वरला पक्षीमोजणी करताना कोळ्यांना बांधावरून हटकणारे आपण, मला जरा ओशाळल्यासारखं झालं.

परतताना तळाजवळच्या झाडावर तपकिरी, हातोडीच्या डोक्याचा हॅमरकॉप बसलेला. कासांकातही डबक्याकाठी एक होता, पण टुराकोच्या नादात मी त्याला नीट पाहिलाच नाही, म्हणून नोंदवला नव्हता. शूबिलला पूर्वी करकोच्यांत धरत. डीएनएवरून त्याचे जवळचे नातलग निघाले पेलिकन आणि हाच हॅमरकॉप. जवळ जाऊन बघितलं तर चोचीच्या टोकाला तसाच बारीकसा आकडा. ११२.

पुढचं लक्ष्य सेक्रेटरीबर्ड, पण त्यासाठी माळरान शोधावं लागेल. कोणी जाणार असाल तर गमबूट नेऊ नका, जुने कॅनव्हासचे बूट आणि दोन जोड मोजे बरे. माझे गमबूट अजून गच्चीत उलटे टांगलेत.