लामालेरा : होडीत जागा मिळेपर्यंत

इंडोनेशियाच्या पूर्व भागात, फ्लोरेसच्या पलीकडे लेम्बाता नावाचे बेट आहे आणि त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर, डोंगराच्या उतारावरून थेट सावू समुद्रात उतरल्यासारखे लामालेरा हे गाव आहे. येथील लोक पिढ्यान्‌पिढ्या हातातल्या भाल्याने देवमासा मारत आले आहेत आणि या गावाविषयी बाहेर जे काही थोडे बोलले जाते ते तेवढ्यासाठीच. माझे आजोळ हर्णैचे असल्यामुळे मला मात्र खरी ओढ होती ती त्यांच्या होडीची, जिला ते ‘तेना’ म्हणतात. एकही खिळा न ठोकता, फळ्या लाकडी खुंट्यांनी जोडून ती बांधतात आणि तिचे शीड ताडाच्या जातीच्या एका झाडाची पाने विणून केलेले असते. एक दिवस त्या होडीत बसायचे एवढाच माझा बेत होता. तो पार पडायला बाली सोडल्यापासून नऊ दिवस लागले.

कागदपत्रांचा भाग सोपा निघाला. भारतीय पासपोर्टवर विमानतळावरच ५,००,००० रुपिया भरून ३० दिवसांचा व्हिसा मिळतो. त्यानंतर मी चूक केली. बालीतल्या एका एजंटाने ‘लामालेराच्या होडीतील आरक्षित जागा’ म्हणून माझ्याकडून आगाऊ पैसे घेतले आणि शिक्का मारलेली पावती दिली. ती पावती मी पासपोर्टपेक्षाही जपून नेली.

मग बालीहून मौमेरेपर्यंत विमान, तेथून वळणावळणाच्या रस्त्याने फ्लोरेसच्या पूर्व टोकाला लारांतुका, आणि पुढे आदोनारा बेटावरच्या वाईवेरांगला थांबत जाणारी लाँच घेऊन लेम्बाताचे मुख्य गाव लेवोलेबा. समोर लेवोतोलोक ज्वालामुखी उभा असतो. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये त्याच्या उद्रेकामुळे पायथ्याची गावे रिकामी करावी लागली होती. लेवोलेबात पैसे काढून घेतले, कारण पुढे सगळा व्यवहार रोखीचा होता. तेथून लामालेराला मालट्रकच्या हौद्यात लाकडी बाके टाकून माणसे नेतात. माझ्या पायांशी सिमेंटची दोन पोती आणि तंगड्या बांधलेले एक डुक्कर होते, आणि चार तासांच्या त्या रस्त्यावर आम्हा दोघांपैकी अधिक कुरकुर कोणी केली हे सांगणे कठीण आहे.

गावात शिरतानाच पाटी दिसते : ‘तामु वाजिब लापोर’, म्हणजे पाहुण्याने चोवीस तासांच्या आत आल्याची वर्दी द्यायची. ग्रामकार्यालयात वहीत नाव लिहिले, पासपोर्ट दाखवला आणि ऐटीत पावती पुढे केली. कारकुनाने ती दोनदा वाचली, शेजारच्याला दिली, त्याने तिसऱ्याला दिली आणि तिघेही हसू दाबू लागले. मला आधी विचारण्यात आले ते हे की मी कुठल्या पर्यावरण संघटनेचा माणूस आहे का. २००९ च्या सुमारास सावू समुद्रात संरक्षित क्षेत्र जाहीर होत असताना लामालेराच्या लोकांनी कडाडून विरोध केला आणि लेम्बाताचे पाणी त्यातून वगळले गेले. तेव्हापासून कॅमेरा घेऊन येणाऱ्याकडे ते जरा निरखून पाहतात. मी नाही म्हटल्यावर कारकुनाने शांतपणे समजावले की होडी सरकारची नसते, एजंटाची तर नसतेच. ती कुळाची असते. प्रत्येक कुळाची होडी, तिची किनाऱ्यावरची शाकारलेली खोप आणि शिकारीतले प्रत्येकाचे वाटे पूर्वापार ठरलेले असतात. बसायचे असेल तर त्या कुळाच्या घरी जाऊन विचारायचे, आणि भालाफेक्याने, म्हणजे ‘लामाफा’ने, होकार द्यायचा. मी बाहेर येऊन एजंटाला निरोप पाठवला. त्यात काय लिहिले होते ते येथे देण्यासारखे नाही.

राहायची सोय एका घरी झाली. त्या भागात घरातल्या वडीलधाऱ्या बाईला ‘मामा’ म्हणतात, त्यामुळे पहिले दोन दिवस हाक मारताना माझ्या डोळ्यांसमोर दादरचे माझे मामाच उभे राहत. जेवण म्हणजे मका, मासे आणि शेवग्याच्या पाल्याचे पातळ कालवण. शेवगा तेथे भरपूर खाल्ला जातो. सकाळी मात्र ‘जागुंग तीती’. मामा चुलीवरच्या मातीच्या भांड्यात मक्याचे दाणे भाजत आणि ते पुरते तापले की उघड्या बोटांनी तीन-चार दाणे उचलून सपाट दगडावर ठेवत, आणि बोटे मागे घेतात न घेतात तोच उजव्या हातातला दगड त्यांवर आपटत. एका ठोक्यात दाण्याचा पोहा होई. मी एकदा प्रयत्न केला. बोट भाजले आणि दाणा उडून चुलीत गेला. ‘आमच्याकडेही पोहे असतात’ हे मी मोठ्या कष्टाने सांगितले, पण ते गिरणीत होतात म्हटल्यावर त्यांचा माझ्याविषयीचा आदर वाढला नाही.

पुढचे दिवस वाट पाहण्यात गेले. शिकारीचा हंगाम १ मे रोजी किनाऱ्यावरच्या छोट्या चॅपेलपाशी मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती सामुदायिक प्रार्थना, होऊन सुरू होतो, कारण गाव कॅथलिक आहे, आणि तो ऑक्टोबरपर्यंत चालतो. परंतु हंगाम असणे आणि होडी निघणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक दिवस वारा नव्हता. मग गावात एक म्हातारे वारले आणि दोन दिवस किनारा ओस राहिला. एरवी पुष्कळसे काम आता इंजिनाच्या होड्याच करतात. ज्या कुळाकडे मी गेलो होतो, तेथे तीन संध्याकाळी ओसरीवर बसून ताडी प्यायलो, आजोबांच्या व्यवसायापासून माझ्या लग्नापर्यंत सगळ्यांची उत्तरे दिली, आणि होडीचा विषय दर वेळी त्यांनी काढेपर्यंत मी काढला नाही. तिसऱ्या संध्याकाळी लामाफाने विचारले, ‘पाणी उपसता येते का?’ तोच होकार होता.

शुक्रवारी पहाटे टोप्या काढून प्रार्थना झाली आणि होडी ओंडक्यांवरून ढकलत पाण्यात गेली. मला आत बसवून हातात करवंटीसारखे उपसणे दिले. खुंट्यांनी जोडलेली होडी थोडे पाणी घेतेच, त्यामुळे माझे काम शोभेचे नव्हते. नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्याही, पुढे बांबूचा मचाण असतो. तेथे लामाफा उभा होता. मासा आला की तो भाल्यासकट स्वतः उडी मारतो, कारण नुसत्या हाताच्या जोराने भाला रुतत नाही. अंगाचे वजन लागते. ते ज्याच्या मागे असतात तो दातांचा देवमासा, इंग्रजीतला स्पर्म व्हेल. निळ्या देवमाशाला मात्र ते हात लावत नाहीत, कारण त्याने पूर्वजांना वाचवले अशी समजूत आहे. दुपारपर्यंत आम्हाला उडते मासे आणि फार लांबून गेलेले डॉल्फिन दिसले. रिकाम्या हाताने परतलो.

संध्याकाळी मामांनी विचारले, ‘तू कोणाशी भांडला आहेस का?’ मला वाटले थट्टा आहे. पण ती थट्टा नव्हती. जमिनीवर भांडण राहिले तर समुद्र काही देत नाही असे तेथे मानतात, आणि रिकामी परतलेली होडी आधी आपल्या माणसांमधले तंटे शोधते. मला एजंट आठवला. सगळे ऐकून घेऊन मामा एवढेच म्हणाल्या की पैसे गेले ते गेले, भांडण ठेवू नकोस.

शनिवारी त्यांच्याबरोबर वुलांदोनीच्या बाजारात गेलो. तेथे शिट्टी वाजल्याशिवाय व्यवहार सुरू होत नाही, आणि वाजली की पैशांऐवजी वस्तूंची अदलाबदल होते : लामालेराच्या बायका सुकवलेले मांस आणि मासे देतात, डोंगराकडच्या बायका मका आणि केळी देतात. तो मका पाहिल्यावर सकाळच्या ठोक्यांचा हिशेब मला लागला; लामालेराच्या खडकात शेती पिकत नाही, तेव्हा होडी रिकामी आली तर मामांच्या भांड्यात दाणे कुठून येणार? परतताना वाटेतल्या चढावर, जेथे फोनला रेंज येते, मी एजंटाला निरोप पाठवला की माझी तक्रार उरलेली नाही. त्याने अंगठा दाखवणारे चित्र पाठवले.

रविवारी होड्या निघत नाहीत. सोमवारी मला पुन्हा बसू दिले, मी पुन्हा पाणी उपसले, आणि आम्ही पुन्हा काही न घेता परत आलो. मामा दारातच उभ्या होत्या. होडीत काही नाही हे त्यांनी खालच्या किनाऱ्याकडे पाहूनच ओळखले होते. त्यांनी माझ्या हातात पाण्याचा पेला दिला आणि विचारले, ‘आणखी कोणाशी?’