टोपलीखाली वाळूच

बागमांडल्याला गाडी फेरीबोटीवर चढवताना आईने डोळे मिटून घेतले, ते थेट वेसवीला उतरल्यावर उघडले. सावित्रीची खाडी तिने अशी न बघताच ओलांडली. "पोचलो का?" हा तिचा पहिला प्रश्न. पुढे बाणकोटवरून समुद्राच्या कडेकडेने जाणारा रस्ता लागला, तेव्हा मात्र तिने काच पूर्ण खाली घेतली आणि वेळास येईपर्यंत वर केली नाही.

वेळास म्हणजे मंडणगड तालुक्यातलं, नाना फडणवीसांचं मूळ गाव. पण फेब्रुवारी सरला की इथे नानांची चौकशी फार कोणी करत नाही. येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "कासवांची पिल्लं आली का हो?"

मीही विचारलं होतं. दहा-अकरा वर्षांपूर्वी. आणि ते नुसतं विचारण्यावर थांबलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. तेव्हा आम्ही सहा मित्र हरिहरेश्वरला उतरलो होतो, एसीच्या खोल्यांत. कासवं बघायला म्हणून एका दिवसापुरते खाडी ओलांडून यायचं ठरलं. डबे बरोबर, पाण्याच्या बाटल्या बरोबर, बिअरसुद्धा बरोबर. फेरीला रांग लागली आणि उशीर व्हायला लागला, तेव्हा मी कुठून तरी मिळवलेल्या नंबरवर एका कासवमित्राला, म्हणजे कासवांची घरटी राखणाऱ्या गावातल्या एका मुलाला, फोन लावून म्हटलं, "आम्ही येईपर्यंत दोन-चार पिल्लं ठेवा की टबात. अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे."

पलीकडचा मुलगा क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "साहेब, अंड्यातला बलक पिल्लाच्या पोटात थोडा उरलेला असतो. समुद्रात पहिले काही दिवस तीच त्याची शिदोरी. टबात हातपाय मारून ती इथेच संपवली, तर पुढे काय खाईल ते?"

आम्ही पोचलो तेव्हा किनारा मोकळा होता. आम्ही डबे खाल्ले, फोटो काढले, परत गेलो. त्या दिवशी वेळास गावात आमचे पाच रुपयेसुद्धा खर्च झाले नाहीत. कचरा मात्र झाला.

म्हणून या वेळी दोन रात्री, गावातच, एका घरी.

घर जांभ्या चिऱ्याचं. पुढे पडवी, मागे आगर. काकूंनी आल्या आल्या तांब्या-भांडं पुढे केलं आणि सांगितलं, "पाणी हवं तेवढं प्या, पण आंघोळीला एक बादली. होळी झाली की विहीर खाली जाते हो आमची." शहरातल्या माणसाला हे वाक्य ऐकायला बरं वाटत नाही. आपण पैसे देतोय ना, असं काहीतरी आत उठतंच. मग परसात जाऊन मी विहिरीत डोकावून आलो. दोर जिथपर्यंत ओला होता, त्यावरून पाणी किती खाली आहे ते कळत होतं. त्यानंतर एक बादली पुरेशी वाटली.

इथली गोष्ट तशी थोडक्यात सांगता येते. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडांची पाहणी करत किनाऱ्याने फिरत होते. त्यांना वेळासच्या पुळणीवर कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वाळूत येते, दीडेक फूट खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि समुद्रात परत जाते. मागे वळून बघत नाही. ती अंडी माणसं काढून न्यायची आणि राहिलेली कोल्ह्याकुत्र्यांची. संस्थेने जे काम सुरू केलं त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी, की ते गावातल्याच माणसांना बरोबर घेऊन केलं. कासव कुठल्या रात्री, कुठल्या टोकाला चढेल हे किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला जेवढं कळतं, तेवढं बाहेरून आलेल्याला कसं कळणार? २००६ पासून कासव महोत्सव भरायला लागला, आणि बघायला येणाऱ्यांनी राहायचं कुठे, या प्रश्नाचं उत्तर गावाने स्वतःच्या घरांत काढलं. हॉटेल नाही. ओटीवर गाद्या.

पहाटे गस्त घालून आलेला एक कासवमित्र पडवीत चहाला टेकला होता, त्याला मी खोदून खोदून विचारलं. मादी वाळूवरून गेली की ट्रॅक्टरचं चाक फिरल्यासारखा माग उमटतो. त्या मागाच्या शेंड्याला काठी हलकेच रोवत जायचं. काठी एकदम आत गेली की तिथे घरटं. अंडी तासा-दोन तासांत हलवायची, तीही न उलटता. हॅचरीत, म्हणजे अंडी राखायला किनाऱ्यावर केलेल्या जागेत, तेवढ्याच खोलीचा, त्याच मडक्यासारख्या आकाराचा खड्डा करून पुरायची, वर तारीख आणि संख्येची पाटी. पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी वर टोपली पालथी घालून ठेवायची. उन्हाने वाळू तापली असेल तर माद्या जास्त, गार असेल तर नर. "म्हणजे इथे सासू-सासऱ्यांचं काही चालत नाही," आई म्हणाली आणि तो चहा सांडेपर्यंत हसला.

पहिल्या संध्याकाळी किनाऱ्यावर शंभरेक माणसं. सुरूच्या बनातून चालत जायचं, गाड्या अलीकडेच. दोरीच्या मागे उभं राहायचं, फ्लॅश बंद, टॉर्च बंद, कारण पिल्लं उजेडाकडे वळतात आणि त्यांच्या लेखी सगळ्यात मोठा उजेड समुद्रावरचाच असायला हवा. टोपल्या एकामागून एक उचलल्या. वाळू. वाळू. वाळू. तिसऱ्या टोपलीला माझ्या मागून आवाज आला, "एवढ्या लांबून आलोय, काहीतरी दाखवा तरी." मी वळून पाहिलं नाही. मला तो आवाज ओळखीचा वाटला, माझाच.

दुसऱ्या दिवशी सकाळीही वाळूच.

आईचं मात्र काहीच अडलं नव्हतं. तिने सकाळचा अर्धा दिवस माजघरात काढला. जेवायला कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, ओल्या काजूची उसळ, मिरगुंडं, वर सोलकढी. मी चौथ्यांदा उसळ घेतली तेव्हा काकूंनी न विचारता पातेलंच जवळ सरकवलं. दोन दिवसांचं राहणं-जेवण धरून आमचं जे झालं, ते पुण्याहून येण्या-जाण्याच्या डिझेलपेक्षा कमी होतं. हे हिशेबाने चुकीचं वाटतं. जिला आपण पाहुणचार म्हणतो ती पहाटे चारला उठणाऱ्या एका बाईची मजुरी आहे, आणि त्यात घासाघीस करणारे लोक याच मौसमात एका रिसॉर्टच्या नाश्त्यावर तेवढेच पैसे उडवून येतात. मी स्वतः उडवलेत.

"यावर घर चालतं का?" मी विचारलं.

"छे! दोन महिन्यांचं हे," काकू म्हणाल्या. "आगर आहे, भात आहे, आंबा आहे थोडा. यावर मुलीची फी निघते, कधी घराचं काम निघतं. यावरच राहिलो असतो तर त्या साली काय खाल्लं असतं?"

त्या साली म्हणजे २०२०. मार्चमध्ये टाळेबंदी, पाहुणे बंद. आणि ३ जूनला निसर्ग वादळ. आगरातल्या पोफळी एकावर एक आडव्या झाल्या, अर्ध्या घरावरची कौलं गेली. काकांनी मला मागे नेऊन दाखवलं. नवीन पोफळी आता कुठे छातीच्या वर गेल्यात. सुपारी धरायला वर्षं लागतात, आणि तोवर आगर नुसतं शिंपायचं. "झाडं आमच्या आजोबांनी लावलेली," ते म्हणाले आणि पुढे काही बोलले नाहीत.

जबाबदार पर्यटनाबद्दल शहरात बसून बोलताना आपण बहुतेक वेळा असं गृहीत धरतो, की आपण जाऊन गाव जगवतो. मला वाटतं, गाव आपल्यावाचून जगत असतं म्हणूनच ते आपल्याला "नाही" म्हणू शकतं. टबात पिल्लं ठेवणार नाही, किनाऱ्यावर गाडी आणू देणार नाही, दोन बादल्या पाणी देणार नाही. उद्या या घरांचं पोट फक्त आपल्यावर अवलंबून राहिलं, तर कधी ना कधी कोणीतरी टब भरेलच. एकही पिल्लू दिसलं नाही तरी काकूंचे पैसे तेवढेच आणि माझी उसळ तेवढीच. ही या गावची सगळ्यात शहाणी सोय आहे, आणि ती टिकवणं निम्मं तरी येणाऱ्याच्या हातात आहे.

दुसऱ्या संध्याकाळी ऊन उतरताना दुसऱ्याच टोपलीखाली वाळू हलली.

आधी एक खळगा पडला, बशीएवढा. मग त्यातून एक काळं टोक. आधी वाटलं काटकी आहे. त्या काटकीने वाळू झटकली आणि ते पिल्लू निघालं, माझ्या अंगठ्याहून थोडं मोठं. एकूण अकरा. समुद्रापासून काही पावलं अलीकडे त्यांना ओल्या वाळूवर सोडलं. हातात धरून पाण्यात का सोडत नाहीत? कारण ही वाळू त्यांनी स्वतः चालायची असते. मोठी झालेली मादी याच किनाऱ्यापट्टीला परत येते ती या चालण्याच्या खुणेवर, असं मानतात. त्यांच्या मागे वाळूवर बारीक टाक्यांसारखी शिवण उमटत होती. पहिली लाट आली आणि अकराच्या अकरा मागे फेकली गेली, काही उलटी पडली. एकाने पाय झाडत स्वतःला सुलटं केलं आणि पुन्हा चालायला लागलं. तिसऱ्या लाटेला दिसेनाशी झाली. दोरीच्या मागे एवढी माणसं होती, पण कोणी शिट्टी मारली नाही, कोणी टाळी वाजवली नाही.

पुढे काय होतं ते फारसं कोणाला दिसत नाही. २०२२ च्या जानेवारीत याच किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग बसवला होता, तिचं नाव ठेवलं प्रथमा. पश्चिम किनाऱ्यावरची टॅग केलेली ती पहिली ऑलिव्ह रिडले. आणि २०२१ साली ओडिशात टॅग लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत इथून खाली गुहागरला अंडी घालायला आली! भारताच्या टोकाला वळसा घालून. आणि मी फेरीच्या रांगेत अर्धा तास थांबायला कुरकुरलो होतो.

निघायच्या दिवशी पहाटे आईला हलवलं तर ती अंथरुणात नव्हती. किनाऱ्यावर मी एकटाच गेलो. रात्रीत नवीन गाड्या आल्या होत्या, नवीन चेहरे. टोपल्या उचलल्या गेल्या. वाळू. शेजारच्या एका तरुण बापाने खांद्यावरच्या मुलाला सांगितलं, "आज झोपलीत ती." मला ते उत्तर फार आवडलं.

परत आलो तर आई माजघरात पाटावर बसलेली, समोर विळी, कोपरापर्यंत हात तेलाने चकचकीत. काकू कुयरी, म्हणजे कोवळा फणस, कशी चिरायची ते दाखवत होत्या.

"निघाली का पिल्लं?" काकूंनी विचारलं.

"नाही."

"बरं, मग बसा. तेल लावा आधी हाताला, नाहीतर चीक पुण्यापर्यंत जायचा नाही."