व्हायोलासाठी दिलेले पैसे

मागच्या महिन्यात आमच्या ऑर्केस्ट्राला सभागृहाचं भाडं भरायला बाराशे डॉलर कमी पडत होते आणि दुसऱ्या खात्यात चार हजार डॉलर नुसते पडून होते. शाळकरी मुलांना वापरायला देतो त्या व्हायोलांच्या (व्हायोलिनसारखंच, पण थोडं मोठं वाद्य) दुरुस्तीसाठी एका कुटुंबाने ते दिले आहेत. समितीत नव्यानेच आलेल्या एका गृहस्थांनी सरळ मार्ग सुचवला: आत्ता त्यातून भाडं भरू, तिकिटांचे पैसे जमले की परत ठेवू. आमच्या खजिनदार ऐंशीच्या घरातल्या आहेत. इथल्या रिवाजाप्रमाणे सगळे त्यांना नावाने हाक मारतात, माझ्या तोंडून ते अजून निघत नाही; मनात मी त्यांना आजीच म्हणते. त्या एवढंच म्हणाल्या, "ते पैसे आपले नाहीत." कुणी वाद घातला नाही. पुढे तासभर भाडं कुठून आणायचं यावर खल झाला, पण व्हायोलांच्या पैशाचा विषय पुन्हा निघाला नाही. शेवटी सभागृहवाल्यांकडून पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली आणि नेहमीच्या देणगीदारांना फोन करून रक्कम जमवली.

तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहायला बसले.

अमेरिकेत ओहायोतल्या आमच्या या लहान गावाला स्वतःचा सिंफनी ऑर्केस्ट्रा, म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत वाजवणारा मोठा वाद्यवृंद आहे. वादकांपैकी काही जण शाळांत संगीत शिकवतात, काही आसपासच्या शहरांतल्या ऑर्केस्ट्रांतही वाजवतात. मानधन 'सर्व्हिस'वर मोजतात: एक तालीम म्हणजे एक सर्व्हिस, एक कार्यक्रम म्हणजे एक सर्व्हिस. आम्ही स्वयंसेवक काहीच वाजवत नाही. आम्ही पैसे उभे करतो. तिकिटं सगळी खपली तरी निम्मासुद्धा खर्च निघत नाही, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं होतं, यांना हिशेब जमत नसेल. तसं नाही, हा हिशेबच असा आहे. बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीत ट्रॉम्बोन हे पितळी फुंकवाद्य वाजवणारे तिघे पहिले तीन भाग स्वस्थ बसून असतात, त्यांचं काम चौथ्या भागात सुरू होतं. म्हणून त्यांना अर्धं मानधन देता येत नाही आणि त्यांच्यावाचून तो चौथा भाग उभाही राहत नाही. १९६६ साली विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी हे दुखणं नेमकं मांडलं. कारखान्यात तेवढ्याच माणसांच्या हातून दरवर्षी जास्त माल निघू शकतो, पण चौघांनी वाजवायच्या रचनेला दोनशे वर्षांपूर्वी जेवढा वेळ लागायचा तेवढाच आजही लागतो आणि माणसंही चारच लागतात. मानधन मात्र बाकीच्या जगाबरोबर वाढवावं लागतं. तूट भरून काढणारा कुणीतरी हवाच.

जर्मनीत ती बहुतेक ठिकाणी सरकार आणि नगरपालिका भरतात. अमेरिकेत १९६५ पासून नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स ही कलांना मदत करणारी सरकारी संस्था आहे, पण ऑर्केस्ट्राच्या अंदाजपत्रकात तिची मदत असलीच तर तोंडी लावण्यापुरती. बॉस्टनचा ऑर्केस्ट्रा १८८१ मध्ये निघाला तेव्हा हेन्री ली हिगिन्सन नावाचा एकच धनिक वर्षानुवर्षं तूट स्वतःच्या खिशातून भरत होता. असा धनी प्रत्येक गावाला कुठून मिळणार? फिलाडेल्फियात १९०४ साली बायकांनी एकत्र येऊन समिती केली, तिकिटं खपवली, पैसे जमवले, आणि ती पद्धत मग देशभर पसरली. आमच्या ओहायोत क्लीव्हलंडचा ऑर्केस्ट्रा १९१८ साली उभा राहिला तो एडेला प्रेंटिस ह्यूझ या बाईंच्या चिकाटीमुळे. देशभरच्या ऑर्केस्ट्रांची जी मध्यवर्ती संघटना आहे, ती १९४२ मध्ये स्थापन करण्यात पुढाकार लीटा स्नो यांचा, आणि त्या होत्या मिशिगनमधल्या कॅलमझू या मध्यम गावच्या. हे सगळं मी मुद्दाम वाचून काढलं, कारण आमच्या बैठकीतल्या बायका मला आधी हौशी वाटल्या होत्या. या कामाला शंभर वर्षांहून जास्त परंपरा आहे आणि त्या ती पूर्ण जाणिवेने चालवतात.

परंपरा आहे म्हणून सगळं तरतं असंही नाही. सिरॅक्यूजचा ऑर्केस्ट्रा २०११ मध्ये बुडाला. सॅन अँटोनियोचा २०२२ मध्ये बंद झाला. खुद्द फिलाडेल्फियाने २०११ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला होता, नंतर सावरले. त्यामुळे भाड्याची चर्चा चालू असताना आमच्या खोलीतल्या प्रत्येकाच्या मनात ही नावं होती. अशा वेळी चार हजार डॉलरकडे नजर न टाकणं सोपं नसतं.

नियम असा आहे की देणाऱ्याने विशिष्ट कामासाठी दिलेली रक्कम त्याच कामाला लागली पाहिजे. उद्देश बदलायचा तर त्याला विचारायचं, त्याने लेखी हो म्हणायचं. देणारा हयात नसेल तर प्रकरण कोर्टापर्यंत जाऊ शकतं. कायम ठेव म्हणून दिलेल्या रकमेला तर हात लावायचाच नाही, तिच्या उत्पन्नातून दरवर्षी ठेवीच्या साधारण चार-पाच टक्क्यांएवढे काढायचे. पण आमच्या आजी कायद्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. व्हायोलांसाठी पैसे देणाऱ्या कुटुंबातली मुलगी लहानपणी आमच्याच व्हायोलावर शिकलेली, आता दूर असते. तिच्या आईवडिलांनी धनादेशासोबत एक ओळ लिहिली होती. ती ओळ वहीत तारखेसकट उतरवून ठेवलेली आहे. आजींना पैसे दिसतात तेव्हा ती ओळही दिसते.

हाच काटेकोरपणा पावतीतही आहे. वर्षातून एकदा मेजवानीचा कार्यक्रम असतो. शंभर डॉलरचं तिकीट असेल आणि जेवणाची किंमत चाळीस असेल, तर करसवलत साठ डॉलरलाच आहे हे आम्ही लेखी कळवतो. पंचाहत्तर डॉलरच्या वरच्या अशा प्रत्येक रकमेला ते बंधनकारक आहे. अडीचशे किंवा जास्त दिलेल्यांना लेखी पोच असल्याशिवाय वजावट मिळत नाही. आमच्या वेळेची किंमत मात्र कायद्यात शून्य. ऑर्केस्ट्राच्या पुस्तकविक्रीसाठी घरोघरी जाऊन जुनी पुस्तकं गोळा करायला गाडी काढली तर ठरलेल्या दराने मैलाला १४ सेंट वजावटीत धरता येतात आणि हा दर १९९८ पासून तसाच आहे. पेट्रोलचे भाव कुठल्या कुठे गेले. आमच्यातले कितीतरी जण तेही धरत नाहीत.

मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते ऑर्केस्ट्राच्या ग्रंथपालाच्या, म्हणजे वादकांची स्वरलिपीची पानं सांभाळणाऱ्याच्या, हाताखालचं काम. यात थेट पैसे उभे राहत नाहीत, वाचतात. कॉपीराइट असलेल्या नव्या रचनांची पानं बहुधा विकत मिळत नाहीत, प्रकाशकाकडून भाड्याने आणावी लागतात. पहिली व्हायोलिनवादक गज कुठे वर आणि कुठे खाली हे ठरवते, मग त्या खुणा सगळ्या तंतुवाद्यांच्या पानांवर उतरवायच्या: वर जाणाऱ्या गजाला इंग्रजी व्ही, खाली येणाऱ्याला तळ नसलेला चौकोन. मऊ पेन्सिलनेच, कारण परत पाठवण्याआधी सगळं खोडायचं असतं. पानं ठेवायच्या एका स्टँडपुढे दोघं बसतात, आतल्या बाजूचा पान उलटतो, म्हणून पानाचा कोपरा किंचित दुमडून ठेवायचा. हे काम पैसे देऊन करून घेतलं तर त्या पैशात आणखी एका तालमीची सोय होईल. म्हणून आम्ही चौघीजणी चर्चच्या तळघरात बसून खोडरबराचे कण झटकत असतो. मला गायनाची बैठक आहे, त्यांच्या लिपीशी माझा संबंध नव्हता. पण सरगम लिहून घेणारा हात इथेही चालतो.

मागच्या पुस्तकविक्रीत एका सदस्याने अगदी सहज विचारलं, तुमच्याकडे लोक संगीतासाठी असे पैसे देतात का? माझा पारा चढला. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ते कुठल्या संस्थानिकाच्या तिजोरीवर नव्हे, लोकांच्या देणग्यांवर आणि स्वतःच्या जाहीर मैफलींच्या उत्पन्नावर. फिलाडेल्फियाच्या बायकांची समिती निघायच्या तीन वर्षं आधी! भीमसेन जोशींनी १९५३ साली सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव आजही भरतो. गल्लीगल्लीत वर्गणी मागायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. शिवाय आपल्या मैफलीला लागतं काय? गाणारा, तबला, पेटी, मागे दोन तंबोरे. साठ-सत्तर माणसांचा ताफा पोसायची वेळच आपल्या संगीताने आणली नाही, म्हणून असली यंत्रणा उभी करायची गरज पडली नाही. हे सगळं मी त्यांना सांगितलं आणि ते माझं मत अजूनही आहे.

पण पलुस्करांची गोष्ट तिथे संपत नाही. मुंबईतल्या शाळेची इमारत कर्जापायी त्यांच्या हातून गेली. एवढा मोठा माणूस, एवढे शिष्य, एवढे श्रोते, आणि इमारत राखायला लागणारा पैसा जमला नाही. मैफलीला हजारोंनी येणारे आपण इमारतीच्या कर्जापाशी कुठे असतो, हा प्रश्न मला छळतो. कार्यक्रमाला आपण हात सैल सोडतो. वर्षभराच्या भाड्याला, वीजबिलाला, तबलजीच्या महिन्याच्या मानधनाला पैसे मागितले की तोंडं आक्रसतात.

महाराष्ट्रातल्या आमच्या गावच्या संगीत सभेने काही वर्षांपूर्वी तंबोऱ्यांसाठी निधी जमवला होता. दोन चांगले तंबोरे मिरजेहून करून आणायचे, विद्यार्थ्यांना रियाजाला द्यायचे. नातेवाइकांनी दिले, मीही दिले. त्याच वर्षी सभेचा वर्धापनदिन आला आणि ते पैसे मांडवात आणि पाहुण्या कलाकारांच्या बिदागीत गेले. कुणी खाल्ले नाहीत, सगळं डोळ्यांसमोर खर्च झालं, कार्यक्रम सुरेख झाला. माझा दादा तेव्हाही सभेच्या समितीवर होता, आताही आहे. परवा फोनवर त्याला व्हायोलांची हकीकत सांगितली तर म्हणाला, "अगं, गाण्यालाच लागले ना? तुमच्यासारखं वेगवेगळं धरून बसलो तर इथे एक कार्यक्रम व्हायचा नाही."

त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. गावात दहा माणसं सगळं ओढतात, वेळेवर कुणी पैसे देत नाही, मांडववाला थांबत नाही. माझ्या ऑर्केस्ट्राच्या मागे करसवलत आहे, मोठ्या कंपन्या आहेत ज्या कर्मचाऱ्याने दिलेल्या रकमेएवढीच भर स्वतःची घालतात. (इथल्या आपल्या आयटीतल्या मंडळींकडून मी तो अर्ज भरून घेते, पाच मिनिटांचं काम आहे आणि देणगी दुप्पट होते.) पण वेगळं खातं ठेवायला श्रीमंती लागत नाही. आणि हे परदेशी खूळ आहे हे तर मला मुळीच मान्य नाही. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक न्यासांनी धर्मादाय आयुक्तांकडे जो ताळेबंद द्यायचा असतो, त्याच्या ठरलेल्या नमुन्यात राखीव उद्देशाच्या निधीची वेगळी ओळ आहे. १९५० च्या आपल्याच कायद्यातून ती आलेली आहे. ती ओळ रिकामी सोडायची की भरायची, हे समितीने ठरवायचं.

मग त्याने तो प्रश्न विचारला, जो तो दरवेळी विचारतो. "तिकडच्या गोऱ्या लोकांच्या व्हायोलासाठी राबतेस, इकडे काय देतेस?" मला हे लागतं. ज्या गावात मी राहते, जिथे माझी मुलगी शाळेत त्याच व्हायोलांपैकी एक वाजवते, त्या गावासाठी राबणं म्हणजे आपल्या गावाकडे पाठ फिरवणं नव्हे. आणि पैशाचं म्हणाल तर, मी इथलं नागरिकत्व घेतल्यावर माझा रुपया भारताच्या कायद्यात विदेशी अंशदान, म्हणजे परक्या देशाच्या माणसाची देणगी झाला. भारतीय नागरिक परदेशात राहत असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर तो तसा धरला जात नाही. माझा धरला जातो. तो घ्यायचा तर संस्थेची त्यासाठी वेगळी नोंदणी हवी आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेत खातं हवं. आमच्या गावच्या सभेला हे झेपणारं नाही. दादा म्हणतो, माझ्या नावावर दे. ते मी करणार नाही. ज्याचे पैसे त्याचंच नाव वहीत असावं.

तरी मी हातावर हात ठेवून बसलेले नाही. दिवाळीनंतर सभेची वार्षिक बैठक आहे, तिच्यासाठी मी दादाला लेखी टिपण पाठवते आहे: तंबोऱ्यांचा निधी पुन्हा जमवायचा, तो स्वतंत्र खात्यात ठेवायचा, प्रत्येक देणाऱ्याला आठ दिवसांत सही केलेलं पत्र जायचं आणि त्यात पैसे कशासाठी घेतले ते लिहिलेलं असायचं. पत्रांचा मसुदा मी करून देईन, शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या मावशीने अक्षर द्यायचं कबूल केलं आहे. ज्यांचा पासपोर्ट अजून भारताचा आहे अशा इथल्या चार मराठी कुटुंबांशी मी बोलून ठेवलंय. समिती हो म्हणाली तर पहिली रक्कम त्यांच्याकडून येईल. दादा म्हणाला, "बैठकीत मांडतो, पण अध्यक्ष ऐकतीलच असं नाही." ऐकले नाहीत तर टिपण पुढच्या वर्षी परत पाठवीन.